कोरडा खड्डा

६ जानेवारी

कानाच्या डॉक्टरांनी ही वही ठेवायला सांगितली आहे. रोज एकच गोष्ट लिहायची: आवाज किती, शून्य ते दहा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. मी म्हटलं, डॉक्टर, गेली सव्वीस वर्षं मी पाण्याच्या पाइपांची गळती ऐकतोय, आता स्वतःची ऐकू? ते हसले नाहीत. बाहेर अठरा माणसं ताटकळत बसली होती, हसायला वेळ कुठला.

आज सात.

आवाज कसा आहे तेही एकदाच लिहून टाकतो. सूंऽऽऽ. श्वास न घेता, न थांबता. डाव्या कानात जास्त. डॉक्टर त्याला कर्णनाद म्हणतात. काय भारदस्त नाव! जणू कुणी सत्कार करून शाल पांघरावी. काचेच्या खोलीत बसवून तपासणी केली आणि म्हणाले, बारीक आवाज ऐकणं थोडं कमी झालंय, वय आणि रस्ता फोडायचं ब्रेकर मशीन, दोघांनी मिळून केलेलं काम आहे. बाकी कानात काही वाईट नाही. "बरं होईल का?" तर म्हणे, "सवय होईल." सवय! नवीन चप्पल चावते तिची सवय होते. आणि ती निदान घरी आल्यावर काढून तरी ठेवता येते.

हिला सांगितलं की दात दाखवायला गेलो होतो. "कुठला?" म्हणाली. मी गालावर बोट ठेवलं. नंतर लक्षात आलं, तो दात चार वर्षांपूर्वीच काढलाय. ही भाजी चिरत राहिली. सुटलो.

ऑफिसात कुणाला कानोकान कळता कामा नये. तिथे मला 'कानसेन' म्हणतात. कानसेनाच्याच कानात गळती आहे हे कळलं तर दुसऱ्या दिवशी स्टोअरमध्ये नट-बोल्ट निवडायला बसवतील.

८ जानेवारी

सात.

डॉक्टरांना आकड्यापलीकडे काही नकोय, पण वही जाड आहे आणि मला दुसरं कुणी ऐकणारं नाही. तर कामाबद्दल लिहितो.

आमची ड्युटी पहाटे चार ते आठ. तेव्हा घरोघरचे नळ बंद असतात, पाइपातलं पाणी उभं असतं. उभं असायला हवं. नसेल, तर ते कुठून तरी पळतंय. माझ्याकडे छातीएवढी लोखंडी सळई आहे, वरच्या टोकाला पितळी वाटी. खालचं टोक रस्त्यावर टेकवायचं, वाटी कानाला लावायची. खाली पाइप फुटला असेल तर ऐकू येतं: सूंऽऽऽ.

हो. तंतोतंत तोच आवाज. देवाला थट्टा करायला दुसरं कुणी सापडलं नाही.

गळती असेल तिथे मी खडूने फुली मारतो. फुली म्हणजे खोदा. आणि आवाज आहे पण गळती नाही, म्हणजे विजेच्या डब्याची घरघर, कुणाच्या तरी संडासाची टाकी भरतेय, असलं काही, तिथे गोल काढतो. रजिस्टरमध्ये गोलापुढे लिहायचे शब्द ठरलेले आहेत: 'ऐकून सोडलं.' नवीन माणसं दिसेल तिथे फुल्या मारत सुटतात. गोल काढायला छाती लागते. मला ती होती म्हणून मी कानसेन.

फुलीवर खोदायचं काम मुकादमाच्या टोळीचं. मुकादम आणि मी एकाच महिन्यात नोकरीला लागलो. माणूस म्हणजे नुसता देह. दोन्ही गुडघे गेलेत, आणि उंचीची इतकी धास्ती की घरातला दिवा बदलायला स्टुलावर बायकोला चढवतो. पण जमिनीखालचं काहीही सांगा, कंबरेएवढ्या चिखलात उभा राहील.

११ जानेवारी

साडेसात. (अर्धा चालतो का, डॉक्टरांना विचारायला हवं.)

पहाटेच्या ड्युटीमुळे मी दुपारी झोपतो. म्हणजे झोपायचो. आता आडवा झालो की सगळं घर गप्प होतं आणि हा एकटाच बोलायला लागतो.

त्यात हिचा नवा विसराळूपणा. आजही दुपारी न्हाणीतला नळ बारीक चालू. करंगळीएवढी धार. गळती शोधणाऱ्याच्या घरात चालू नळ! उठलो, बंद केला. नशीब, खाली बादली होती. आठवड्यात ही चौथी खेप. आणि रेडिओ. स्वयंपाकघरात कुणी नसताना बारीक आवाजात कुणीतरी हवामान सांगत बसलेला असतो. मी म्हटलं, "अगं, तुझं लक्ष असतं कुठे?" तर म्हणते, "वय झालं हो." माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान आहे.

१५ जानेवारी

आठ.

कोरडा खड्डा.

आमच्या कामात यापेक्षा वाईट शब्द नाही. लॉन्ड्रीसमोर मी फुली मारली, टोळीने दोन तास खोदलं, पाइप उघडा केला. ठणठणीत. माती अशी कोरडी की मुकादमाने मूठभर उचलली आणि फुंकर मारली तर उडाली. लॉन्ड्रीवाला दारात उभा. "पांढऱ्या चादरी वाळत घातल्यात माझ्या," म्हणाला. एवढंच म्हणाला, पण मला वाटलं भर चौकात कुणी कान उपटला.

पूर्वी सळईवरून कान काढला की आवाज थांबायचा, म्हणजे तो जमिनीतला. आता काढला तरी थांबत नाही. मी काय समजलो, गळती इतकी मोठी आहे की सगळा रस्ता वाजतोय. सव्वीस वर्षांचा माणूस आणि ही अक्कल.

मुकादम फक्त म्हणाला, "होतं रे." त्याने रजिस्टरमध्ये काय लिहिलं ते मी पाहिलं. 'पाइपची पाहणी.' 'कोरडा खड्डा' लिहायचं बहुतेक विसरला.

१७ जानेवारी

आठ.

इंजिनिअर बाईसाहेबांनी सगळ्यांना बोलावलं. मोठ्या टाकीची पातळी रोज पहाटे वीतभर उतरते. सगळं गाव झोपलेलं, मग पाणी पितं कोण? चढावरच्या गल्लीत तीन आठवडे नीट पाणी पोचलेलं नाही. तिथल्या बायका बादल्या घेऊन उतारावर येतात आणि परत चढतात. त्यात एक आजीबाई आहेत, दोन हातांत दोन किटल्या.

बाईसाहेब चांगल्या आहेत, ओरडत नाहीत. त्या म्हणाल्या, "कानसेन, तुमच्याच भरवशावर आहे. महिनाअखेरीपर्यंत नाही मिळाली, तर ऐकायचं यंत्र मागवावं लागेल." मी म्हटलं, "मिळेल." सगळे माझ्याकडे बघत होते आणि माझ्या डोक्यात सूंऽऽऽ.

मला भीती वाटते. इथे लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय. हे काम गेलं तर मी म्हणजे नक्की काय उरतो, ते मला माहीत नाही.

२० जानेवारी

साडेआठ.

लेकीचा फोन. नेहमीसारखा डाव्या कानाला लावला, मग उजव्याला. तिच्या नवीन ऑफिसबद्दल सांगत होती. मध्येच म्हणाली, "बाबा, ऐकतोयस ना?" मी एकदम खेकसलो. "बहिरा नाहीये मी!" हिने फोन घेतला आणि गॅलरीत गेली. बराच वेळ दोघी बोलत होत्या. बायकांना बोलायला काय लागतं.

शेजाऱ्यांकडे पत्ते खेळायला जाणं बंद केलंय. चौघं एकदम हसतात तेव्हा कानात कुणी पत्रा ओढतंय असं होतं. त्यांना सांगितलं, वेळ नसतो. खरं तर वेळच वेळ आहे. वेळ संपत नाही.

२३ जानेवारी

नऊ.

दुसरा कोरडा खड्डा. बालवाडीच्या फाटकासमोर. मुलांना मागच्या दाराने आत न्यावं लागलं. बालवाडीच्या बाई खड्ड्यात वाकून म्हणाल्या, "पाणी कुठाय?" साधा प्रश्न. मी सळई उचलली आणि चालू लागलो.

२४ जानेवारी

नऊ.

ड्युटी संपल्यावर टाकीवर गेलो होतो, पातळी बघायला. वर वारा छान होता. कठड्याशी उभा राहिलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. खाली सगळं लहान लहान दिसतं, गुळगुळीत.

मागे धापा टाकल्याचा आवाज आला म्हणून वळलो तर मुकादम! शंभराच्या वर पायऱ्या चढून. चेहरा राखेसारखा. वर आला तो सरळ खालीच बसला आणि दोन्ही हातांनी लोखंडी गज धरला. म्हणतो, "स्टोअरची किल्ली आहे का रे तुझ्याकडे?"

किल्ली त्याच्या कमरेलाच लटकत होती. मी दाखवली. "अरे हो की," म्हणाला. मग म्हणाला, "आता मला एकट्याला उतरता यायचं नाही. तू पुढे हो, मी तुझ्या खांद्यावर हात ठेवतो." असे उतरलो, एकेक पायरी. त्याचा हात इतका घट्ट होता की खांद्यावर वळ उठलेत. तोही विसराळू झालाय. काय साथ आलीय सगळ्यांना.

२७ जानेवारी

नऊ.

टाकीच्या जिन्याचं कुलूप बदललं. नवीन किल्ली मुकादमाकडे. त्याला जिन्याची किल्ली कशाला लागते, जो माळ्यावर चढत नाही? विचारलं तर म्हणे, "वरून आदेश आहे." वरून म्हणजे कुठून? बाईसाहेबांना तर माहीतही नव्हतं.

हीसुद्धा हल्ली ड्युटी संपायच्या वेळेला दारात उभी असते. म्हणते, दूधवाल्याची वाट बघतेय. दूध पिशवीतून येतं, पिशवी कधीच दाराला अडकवलेली असते.

३० जानेवारी

नऊ.

३१ जानेवारी

नऊ. दुसरं काही नाही.

१ फेब्रुवारी

डॉक्टरांनी वही उघडली. त्यांनी आकडेच बघितले असणार, बाकी वाचायला त्यांना वेळ नाही. पण एका पानावर बराच वेळ थांबले. चोविसाव्या तारखेच्या. मग चष्मा काढला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "माझं चुकलं," म्हणाले. "हे आकडे तुम्हाला मी लिहायला लावायला नको होते. आजच आमच्या बाईंना भेटा. त्या कर्णनादाच्याच पेशंटशी बोलतात. मी इथेच आहे."

बाहेर अठरा माणसं होतीच. तरी ते स्वतः उठून मला शेजारच्या खोलीपर्यंत सोडायला आले.

बाई माझ्या लेकीपेक्षा फार मोठ्या नसतील. खोलीत एक पंखा घुमत होता. मला बरं वाटलं, का ते कळलं नाही. त्यांनी आधी झोप विचारली, भूक विचारली, पत्ते विचारले. मग म्हणाल्या, "टाकीवर कशाला गेला होतात?"

"पातळी बघायला."

"ती खालून दिसत नाही?"

दिसते. खाली काटा आहे, सव्वीस वर्षं मी तोच बघतोय.

"जीव द्यावा असं मनात आलं होतं का?" असं सरळ विचारलं. आवाज खाली न आणता, जसं एखादा विचारतो की चहात साखर चालते का. आणि काय झालं कोण जाणे, मला खोटं बोलता आलं नाही. मी म्हटलं, "तसं ठरवलं नव्हतं. वर वारा होता, वाऱ्यात हा आवाज बुडाला. मला परत खाली यायचंच नव्हतं." आणि मग मी रडलो. चोपन्न वर्षांचा बाप्या, हातात टोपी धरून. त्यांनी रडू दिलं.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली ती जमेल तशी उतरवतो. "तुम्ही सव्वीस वर्षं एकच आवाज शोधलात. तो ऐकू आला की थांबायचं, खूण करायची, माणसं बोलवायची. तुमच्या मेंदूला तुम्हीच शिकवलंय की हा आवाज म्हणजे तातडीचं काम. आता तो आतून येतोय. मेंदू बिचारा दिवसभर खोदतोय. त्यात झोप नाही, भीती आहे. भीतीने आवाज मोठा वाटतो, आवाजाने भीती वाढते."

"मग करायचं काय?"

"गळती नसलेल्या आवाजाचं तुम्ही काय करता?"

"गोल काढतो."

"आणि लिहिता काय?"

"ऐकून सोडलं."

त्यांनी मला ते पुन्हा म्हणायला लावलं आणि स्वतःच्या कागदावर लिहून घेतलं. सव्वीस वर्षं लिहितोय, पण कुणी ते शब्द माझ्याकडून लिहून घेतील असं वाटलं नव्हतं.

आकडे आजपासून बंद. रोज मोजायचं म्हटलं की रोज कान लावून बसावं लागतं. एकदम शांत खोलीतही बसायचं नाही, म्हणाल्या. पंखा असू दे, बारीक रेडिओ, वाहतं पाणी, काहीही. मी हसून म्हटलं, "त्याची काळजी नको, आमच्याकडे ही सारखा नळ चालू ठेवून विसरते. रेडिओसुद्धा."

"कधीपासून?"

"झाले तीन-चार महिने."

"अच्छा," म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्याच इमारतीतल्या मनाच्या डॉक्टरांकडे स्वतः घेऊन गेल्या. त्यांनी गोळ्या दिल्यात. एक फोन नंबरही दिलाय, पुन्हा तसं वाटलं तर कधीही लावायचा. आणि वचन घेतलंय: आठवड्याच्या आत दोन माणसांना सांगायचं. कुठली दोन, ते मी ठरवायचं.

४ फेब्रुवारी

हिला सांगायचं म्हणून दोनदा तोंड उघडलं. एकदा "मीठ कमी आहे" म्हणालो आणि एकदा "उद्या ऊन पडेल" म्हणालो.

'ऐकून सोडलं' असं दिवसभर मनात म्हणून बघितलं. सोडलं कुठे, हा तर जळवेसारखा चिकटून आहे. म्हणायला काय जातं त्या बाईंचं.

७ फेब्रुवारी

मुकादमाला सांगितलं. चहाच्या टपरीमागे, उभ्या उभ्या. "माझ्या कानात गळतीचा आवाज येतो. सारखा. सप्टेंबरपासून. दोन्ही खड्डे त्याच्यामुळे."

त्याने चहा फुंकला. "झालं सांगून?"

"म्हणजे?"

"अरे, डावीकडून हाक मारली की तू उजवीकडे बघतोस. घाऱ्या डोळ्यांचा असतास तर मांजर समजून दूध पाजलं असतं तुला, इतका दचकतोस. आंधळा आहे का मी?"

"मग बोलला का नाहीस?"

"तू कानसेन ना. तुला कोण सांगणार की तुला ऐकू काय येतंय!" मग आवाज घोगरा करून म्हणाला, "आणि टाकीवर मी कशाला चढलो होतो रे? गुडघ्यांची हौस फेडायला?"

मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो चहाला शिव्या देत होता, गरम आहे म्हणून. ते कुलूपही त्यानेच बदललंय, स्वतःच्या घरचं आणून. माळ्याचं. कित्ती मूर्ख आहे मी.

मग मीच म्हटलं, चल, बाईसाहेबांना सांगून टाकू. रजिस्टर घेऊन गेलो, दोन्ही ठिकाणी 'पाइपची पाहणी' खोडून मी माझ्या हाताने 'कोरडा खड्डा' लिहिलं आणि का ते सांगितलं. यंत्र मागवलंय, यायला पंधरा दिवस लागतील, म्हणाल्या. मी म्हटलं, "तोवर एक करून बघू? मला व्हॉल्व्हवर मुकादम हवा."

१० फेब्रुवारी

मिळाली! मिळाली! मिळाली!

नीट लिहितो.

युक्ती अशी. पाइपातला आवाज पाण्यावर जगतो. व्हॉल्व्ह बंद केला की तो मरतो. माझा आवाज कुणाच्या व्हॉल्व्हला जुमानत नाही. मग मुकादम व्हॉल्व्हवर आणि मी सळई घेऊन लांब, त्याच्याकडे पाठ करून. तो कधी बंद करणार, कधी उघडणार, मला सांगायचं नाही. आवाजात फरक वाटला की मी हात वर करायचा. इतकं सोपं आहे. पण पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला हे सगळं कशासाठी ते माहीत असायला हवं, म्हणून मला इतके महिने सुचलं नाही.

पहाटे पाचला सुरू केलं. लॉन्ड्री: हात वर करावासा वाटलाच नाही. सूं होताच, पण एकसारखा, माझा. खडूने गोल काढला. माझ्याच आवाजाला काढलेला पहिला गोल. टपरी: गोल. चौक: गोल. बाईसाहेब स्वेटर घालून रजिस्टर लिहीत होत्या. "ऐकून सोडलं," मी म्हणायचो आणि त्या लिहायच्या.

बालवाडीपाशी आलो. फाटक ओलांडून बारा पावलं पुढे सळई टेकली. सूंऽऽऽ. तोच. आणि मग त्याच्या खालून काहीतरी निघून गेलं. जसं दोघं एका सुरात गुणगुणत असावेत आणि एकजण पाणी प्यायला उठावा. मी हात वर केला.

मागून मुकादम ओरडला, "बंद केलाय!"

थोड्या वेळाने तो दुसरा परत आला. हात. "उघडला!" पुन्हा गेला. हात. "बंद!" पाच वेळा केलं, पाचही वेळा बरोबर. मी फुली मारली तेव्हा खडू मोडला.

सकाळी साडेनऊला पाइप दिसला. सांध्यापाशी बोटभर चीर, आणि पाणी शेजारच्या जुन्या बुजलेल्या गटारात गुपचूप उतरत होतं, म्हणून वर थेंबही दिसला नाही. मुकादम चिखलात कंबरेपर्यंत उभा, आनंदाने मला चिखल फेकून मारत होता. बालवाडीच्या बाई फाटकाशी आल्या. मी खड्ड्याकडे बोट दाखवून म्हटलं, "इथाय पाणी."

बाईसाहेब म्हणाल्या, यंत्र येईल ते येईलच. पण ते सगळंच ऐकतं, काय सोडायचं ते सांगायला माणूस लागेल. व्हॉल्व्हवर मुकादम कायम. तो म्हणाला, "वरून आदेश आहे का?" आणि मला डोळा मारला.

डोक्यात सूं आहे. आत्ता लिहिताना सुद्धा आहे. सगळा दिवस किती होता, ते बघायचं मात्र राहून गेलं.

११ फेब्रुवारी

दुसरं माणूस राहिलं होतं. आज दुपारी जेवण झाल्यावर हिला म्हटलं, बस जरा.

सगळं सांगितलं. कान, दात, खड्डे. टाकी सांगायला वेळ लागला. ही मान खाली घालून ओढणीचं टोक पिळत ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "खोटं बोलायचं तर तोंडात असलेला दात तरी दाखवायचा."

"तुला माहीत होतं?"

"झोपेत तुमचा हात डाव्या कानावर असतो. आधी वाटलं कान दुखतोय. मग एकदा दुपारी न्हाणीतला नळ चुकून चालू राहिला, तर तुमच्या कपाळावरची आठी गेली. घोरायला लागलात. किती दिवसांनी."

"अगं, मी रोज उठून बंद करत होतो!"

"आणि मी रोज उघडत होते."

"बोलायचं तरी!"

तेव्हा ती रागावली. इतकी वर्षं झाली लग्नाला, असा आवाज मी ऐकला नव्हता. "मी बोलायचं? चार महिने 'लक्ष कुठे असतं तुझं' म्हणून खेकसलात माझ्यावर. लेक फोनवर रडली. मुकादमभावजी येऊन टाकीचं सांगून गेले, त्या दिवसापासून रोज सकाळी दारात उभी राहते मी, तुमची चप्पल वाजेपर्यंत. माझं लक्ष कुठे होतं म्हणता? तिथे होतं." आणि मग तिने डोकं माझ्या गुडघ्यावर टेकवलं आणि रडली. मी तिच्या केसांवर हात ठेवून बसलो. लेकीला फोन केला. उजव्या कानाला लावला आणि का ते तिला सांगितलं.

आत्ता वही चाळताना अकरा जानेवारीचं पान वाचलं. 'नशीब, खाली बादली होती.' मला वाटायचं ही विसरते. चार महिने ही बाई नळ विसरत होती आणि बादली एकदाही विसरली नाही. रोज त्याच पाण्याने फरशी पुसत होती, आणि मी पाय न पुसता तिच्यावरून चालत होतो.

२ मार्च

बरेच दिवस वही उघडली नाही. विसरलो होतो.

चढावरच्या गल्लीत पाणी पोचतं. किटलीवाल्या आजीबाईंनी आज मला थांबवून सांगितलं की आता पाणी जास्तच जोरात येतं, भांडी उडतात, जरा कमी करा. गोळ्या चालू आहेत. पत्त्यांना जातो, चौघं हसले की थोडा लांब बसतो. दोन दिवस फार वाईट गेले, तेव्हा त्या नंबरवर फोन केला आणि मुकादमालाही सांगितलं. आवाज गेलेला नाही. दवाखान्यातल्या बाई म्हणतात, जाईलच असं नाही.

आज ड्युटीवरून आलो, दुपारी जेवलो. ही आधीच आडवी झाली होती. मी न्हाणीत गेलो, बादली नळाखाली सरकवली, करंगळीएवढी धार सोडली आणि येऊन पडलो.

थोड्या वेळाने ही भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "अहो, नळ चालू राहिलाय."

"ऐकून सोडलं," मी म्हटलं.